चंचल बालकाची शाळा आणि वैद्याचे पत्र

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत शाळाप्रवेशाचे अर्ज मिळू लागले, की आमच्या चिकित्सालयात एका विशिष्ट विवंचनेतील पालकांची ये-जा सुरू होते. पुष्य नक्षत्राच्या दिवशी सुवर्णप्राशनाच्या रांगेत उभे असताना ते हळूच विचारतात, "डॉक्टर, शाळेतल्या मुलाखतीला आठ दिवस आहेत. तोवर हा दहा मिनिटे एका जागी बसेल, असे काही देता येईल का?" आपल्यापैकी बहुतेक वैद्यबंधू-भगिनींनी हा प्रश्न ऐकला असेल. औषधालय चालविणाऱ्या आमच्या व्यवसायमित्रांनी तर तो अधिकच वेळा ऐकला असेल. कारण वैद्याकडे येण्यापूर्वी पालक बहुधा दोन-तीन 'बुद्धिवर्धक' सिरपांच्या बाटल्या संपवून आलेले असतात.

या प्रश्नाला आम्ही एके काळी दिलेले उत्तर चुकीचे होते. ते कोठे चुकले, त्याची किंमत एका बालकाला कशी मोजावी लागली आणि पुढे काय उपयोगी पडले, हे व्यवसायबंधूंसमोर मांडण्यासाठी हा लेखप्रपंच.

आमच्या दोन चुका

करोनाच्या साथीपूर्वी दोन-तीन वर्षांची ही गोष्ट. आमच्या परिचयाचे एक औषधालयाचे मालक आपल्या साडेचार वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा तरतरीत, बोलका, प्रकृतीने कृश. तक्रार अशी, की बालवर्गात तो क्षणभर बसत नाही, दुसऱ्याचा डबा उघडतो, रांग मोडतो, बाईंचे वाक्य पुरे होण्याआधी उत्तर देतो आणि ते उत्तर बहुधा बरोबर असते! आमच्यासमोर मात्र तो पंधरा मिनिटे खलबत्त्याशी खेळत शांत बसला. आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, वातप्रकोपाचे निदान केले आणि मेध्य औषधी लिहून दिल्या. सोबत आलेल्या आजी म्हणाल्या, "याचा बापही असाच होता हो." आम्हीही त्यांना दुजोरा देऊन म्हणालो, "मोठा होईल तसा शांत होईल."

ही आमची पहिली चूक. नव्या जागी, नव्या माणसासमोर, एकट्याकडे कोणी लक्ष देत असताना असे बालक पुष्कळदा शांत बसते. चिकित्सालयातील पंधरा मिनिटांवरून वर्गातील पाच तासांचा अंदाज बांधता येत नाही, हे आम्ही ध्यानात घेतले नाही. शिक्षिकेला एक दूरध्वनीही केला नाही. जवळजवळ वर्षभर औषध चालू राहिले. त्या वर्षाच्या अखेरीस शाळेने पालकांना बोलावून "याला विशेष शाळेत घाला" असे सुचविले आणि दाखला घेऊन जाण्यास सांगितले. तो दाखला आम्ही पाहिला आहे. 'वर्तणूक' या रकान्यात 'चांगली' असे लिहिले होते आणि 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात 'पालकांच्या विनंतीवरून'.

दुसऱ्या शाळेने प्रवेशाच्या वेळी वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले. मुलाचे वडील आमच्याकडे आले. गृहस्थ मानी, पण त्या दिवशी त्यांनी अक्षरशः हात जोडले. "डॉक्टर, मागच्या शाळेचे काही लिहू नका. नुसते निरोगी आहे एवढेच लिहा. एकदा आत गेला की निभावून नेऊ." आम्हाला त्यांची दया आली आणि आम्ही 'बालक पूर्णतः निरोगी असून त्यास कोणतीही तक्रार नाही' असे लिहून खाली सही-शिक्का केला. ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. तीन महिन्यांनी त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी तोच कागद वडिलांसमोर ठेवला आणि विचारले, "आपण आमच्यापासून हे का लपविले?" त्यानंतर त्या शाळेत मुलाच्या प्रत्येक खोडीकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. दुसरी शाळाही सुटली. पाच-सहा वर्षांच्या त्या मुलाने आईला विचारले, "आता कुठल्या शाळेतून मला काढणार?" हे आईने आम्हाला सांगितले, तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हते.

निदान कोणी व कसे करावे

यानंतर मात्र आम्ही त्या बालकास विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडे पाठविले. तेथे 'अवधानन्यूनता व अतिचंचलता विकार', म्हणजे ज्यास आज सर्वत्र एडीएचडी या संक्षेपाने ओळखतात, त्याचे निदान झाले. जगभरातील पाहण्यांवरून शालेय वयातील सुमारे ५ टक्के मुलांमध्ये हा विकार आढळतो, असा अंदाज आहे. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात सरासरीने दोन. तेव्हा हा विषय दुर्मिळ व्याधीचा नाही.

अमेरिकन मनोचिकित्सक संघटनेच्या २०१३ सालच्या निकषांनुसार अवधानाशी संबंधित नऊ आणि अतिचंचलता-आवेगाशी संबंधित नऊ लक्षणे धरली जातात. बालकामध्ये यांपैकी एका वा दोन्ही गटांतील किमान सहा लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ असावीत, त्यांपैकी काही वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत, आणि ती घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसून त्यांमुळे बालकाच्या व्यवहारात बाधा येत असावी. घरी शांत आणि शाळेतच अस्वस्थ असणाऱ्या मुलाबाबत प्रथम शाळेत काय घडते आहे, याची चौकशी करावी लागते.

निदानापूर्वी काही साध्या गोष्टी वगळल्या पाहिजेत आणि हे काम आपणही करू शकतो. मुलाला नीट ऐकू येते का? फळ्यावरचे दिसते का? रात्री घोरतो का, तोंडाने श्वास घेऊन झोपतो का? झोप अपुरी असलेले मूल दिवसा पेंगण्याऐवजी पुष्कळदा चेकाळते. पांडुता आहे का? मधेच काही क्षण शून्यात पाहून भानावर येतो का? तसे असल्यास अपस्माराच्या दृष्टीने तपासणी हवी. मुलाचे वय वर्गातील इतरांपेक्षा कमी आहे का, हेही पाहावे. वर्गातील सर्वांत लहान मुलांवर या निदानाचा शिक्का अधिक प्रमाणात बसतो, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. वयाने दहा-अकरा महिने लहान असणे हा काही विकार नव्हे.

चरकाचार्यांनी ऐंशी वातविकारांत 'अनवस्थितचित्तत्व' गणले आहे, ते आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्या शब्दाशी या विकाराचे साम्य आहे. पण साम्य म्हणजे एकरूपता नव्हे. आपल्या शास्त्रातील संज्ञा लावली म्हणजे आधुनिक निदानाची आवश्यकता संपली, असे मानल्यामुळेच आमच्या हातून एक वर्ष गेले.

आजींच्या त्या वाक्याचाही अर्थ नंतर उमगला. हा विकार मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे. वडिलांनी स्वतःच पुढे कबूल केले, की चौथीपर्यंत त्यांचाही बराच काळ वर्गाबाहेर उभे राहण्यात गेला होता. हे समजल्यावर त्या घरातील एक मोठे ओझे उतरले. आईच्या संस्कारांत काही कमी पडले, हा आरोप त्या दिवसापासून बंद झाला.

कायदा काय सांगतो

शाळेचा प्रश्न आला, की पालक प्रथम घाबरतात. त्यांना चार आधार ठाऊक असणे आवश्यक आहे आणि ते आपणच सांगू शकतो.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १३ अन्वये प्रवेशासाठी बालकाची वा पालकांची चाळणी परीक्षा अथवा मुलाखत घेण्यास मनाई आहे. पहिल्या उल्लंघनास २५,००० रुपयांपर्यंत व पुढील प्रत्येक उल्लंघनास ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत बालकास शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत अनुत्तीर्णास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. परंतु काढून टाकण्याची मनाई कायम आहे. कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोहोंना बंदी केली आहे. कलम ५ अन्वये दाखला मिळण्यास विलंब झाला, या कारणाने नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी. या कायद्यातील 'बालक' हे सहा ते चौदा वर्षांचे आहे. म्हणून बालवर्गातून काढलेल्या मुलास कलम १६ चे संरक्षण मिळत नाही. आमच्या बालकाच्या दोन्ही शाळा सुटल्या त्या या वयात. तसेच सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही. आणि जेथे तो लागू आहे, तेथेही 'पालकांच्या विनंतीवरून' हे दोन शब्द पालकांनी स्वतःच लिहून दिले, तर कायद्याला करण्यासारखे काही उरत नाही. म्हणून आम्ही पालकांना निक्षून सांगतो: रागाच्या वा लाजेच्या भरात दाखल्याचा अर्ज करू नका. शाळेचे म्हणणे लेखी मागा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे. त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. एडीएचडी हा स्वतंत्र प्रकार म्हणून नाही. त्यामुळे केवळ एडीएचडीसाठी दिव्यांग प्रमाणपत्राच्या मागे धावून पालकांची दमछाक होऊ देऊ नये. मात्र या मुलांपैकी अनेकांना सोबत अध्ययन अक्षमताही असते. वाचन-लेखनात स्पष्ट मागासलेपणा दिसल्यास तिची स्वतंत्र तपासणी अवश्य करून घ्यावी. २००७ सालच्या 'तारे जमीन पर' या चित्रपटामुळे वाचनदोषाची ओळख घरोघरी झाली. पण त्यानंतर पालक या दोन्ही गोष्टी एकच समजू लागले आहेत. त्या एक नाहीत.

शाळा कशी शोधावी

या बालकांची बुद्धी सामान्यतः इतर मुलांसारखीच असते. केवळ चंचलतेसाठी विशेष शाळेत घालण्याचे कारण नसते. त्यांची जागा सर्वसाधारण शाळेतच आहे. मात्र नावाजलेली शाळा आणि योग्य शाळा यांत भेद करावा लागतो.

त्या वर्षी आम्ही वडिलांसोबत पाच शाळा पाहिल्या. चिकित्सालय दुपारी बंद ठेवून गेलो, हे प्रायश्चित्त म्हणा. इमारत, गणवेश, निकाल यांकडे न पाहता आम्ही काही साधे प्रश्न विचारीत गेलो. पहिलीच्या वर्गात किती मुले आणि किती शिक्षक? कायद्याच्या मानकानुसार पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. मैदान आहे का, आणि मुले त्यावर रोज जातात का? शिक्षा म्हणून मधली सुट्टी बंद करतात का? ज्या मुलाला धावण्याची सर्वाधिक गरज, त्याचीच सुट्टी काढून घेणारी शाळा आम्ही यादीतून वगळली. येण्या-जाण्यात किती वेळ जातो? शिक्षणाचे माध्यम घरातील भाषेचे आहे का? परकी भाषा समजून घेण्यातच ज्याचे अवधान संपते, त्याच्याजवळ धड्यासाठी काय उरणार? आणि सर्वांत महत्त्वाचे, मुख्याध्यापकांच्या खोलीतून उठून पहिलीच्या बाईंना भेटता येईल का?

चौथ्या शाळेत आम्हाला त्या बाई भेटल्या. अनुदानित मराठी माध्यमाची साधी शाळा, कौलारू इमारत. आम्ही या वेळी काहीही न लपविता सर्व सांगितले. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "फळा पुसायला आणि खडू आणायला मला कोणीतरी लागतेच. त्याला पहिल्या बाकावर बसवीन, खिडकीपासून दूर." आम्ही पाचवी शाळा पाहिली खरी, पण निर्णय तेथेच झाला होता.

वैद्याचे पत्र

त्या बाईंना आम्ही जे पत्र दिले, त्याचा आराखडा आज आमच्याकडे कायम ठेवलेला असतो. 'निरोगी' वा 'रोगी' एवढेच सांगणारे प्रमाणपत्र शिक्षकाच्या काही उपयोगाचे नसते. पालकांच्या लेखी संमतीनेच पत्र द्यावे. निदान तज्ज्ञांनी केले असल्यास ते त्यांच्या नावे नमूद करावे. आपण स्वतः तसे निदान लिहू नये. त्यानंतर पुढील मजकूर असावा:

१) बालकास कोणती गोष्ट चांगली जमते. आमच्या पत्रातील पहिले वाक्य होते, 'हा मुलगा पाहिलेली गोष्ट विसरत नाही.'

२) त्याला कोणती गोष्ट अवघड जाते, साध्या मराठीत. 'आज्ञाधारक नाही' असे न लिहिता 'एका वेळी तीन सूचना दिल्यास पहिलीच लक्षात राहते' असे लिहावे.

३) काय केल्याने उपयोग होतो: पुढचा बाक, एका वेळी एक सूचना, लहान तुकड्यांत काम, दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठण्याचे निमित्त, आणि चूक पाहण्याआधी जमलेली गोष्ट पाहून तत्काळ दिलेली शाबासकी.

४) काय केल्याने बिघडते: सर्वांसमोर पाणउतारा, वर्गाबाहेर उभे करणे, सुट्टी बंद करणे.

५) रोजच्या डायरीत दोन ओळींची देवाणघेवाण आणि अडचण आल्यास संपर्कासाठी वैद्याचा व तज्ज्ञांचा क्रमांक.

पत्र एका पानाचे असावे. 'मंदबुद्धी', 'वेडसर' असे शब्द कटाक्षाने टाळावेत, तसेच 'औषधाने पूर्ण बरा होईल' असे आश्वासनही देऊ नये. वर्ष बदलले, शिक्षक बदलले, की पत्र नव्याने द्यावे.

औषधाची जागा

मग आपल्या औषधांचे काय? ती आम्ही आजही देतो. पण मर्यादा सांगून. मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची, शंखपुष्पी ही मेध्य रसायने, घृतकल्प, अभ्यंग, वेळेवर निद्रा, नियमित आहार आणि कोष्ठशुद्धी यांनी बालकाचे स्वास्थ्य सुधारते, झोप व भूक सुधारते, असा आमचा अनुभव आहे. परंतु या विकारातील मूळ लक्षणांवर त्यांचा निश्चित परिणाम सिद्ध करणारा पुरावा अद्याप अपुरा आहे, हे पालकांना स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. आठ दिवसांत मूल शांत करणारे औषध आपल्याजवळ नाही, आणि असले तरी ते मुलाखतीसाठी द्यावे काय, हा प्रश्न उरतोच.

सहा वर्षांखालील बालकांत प्रथम उपचार म्हणजे पालकांचे वर्तन-प्रशिक्षण, असे आधुनिक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आमच्या बालकास सातव्या वर्षी तज्ज्ञांनी मेथिलफेनिडेट सुरू केले. वडील कचरले, आम्ही त्यांना अडविले नाही, उलट भूक, झोप, वजन व उंची यांच्या नोंदी ठेवण्यास मदत केली. हे औषध परिशिष्ट एक्स मध्ये येते. ते तज्ज्ञांच्या चिठ्ठीशिवाय मिळू नये, नोंदीत राहावे, कुलुपात असावे. तज्ज्ञांना न विचारता ते 'आयुर्वेद सुरू केला म्हणून' बंद करविणे हे घोर अविचाराचे होय.

औषधालयाच्या मालकांना एक विनंती. २००४ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. शिसे बालकाच्या मेंदूला अपाय करते आणि चंचलता व अवधानन्यूनता वाढविते, हे सिद्ध आहे. तेव्हा धातुघटित कल्प चंचल बालकांसाठी काउंटरवरून देऊ नयेत, आणि निर्मात्याकडून जड धातूंच्या तपासणीचा अहवाल मागून घ्यावा. सुवर्णप्राशनाच्या बाबतीतही हीच दक्षता हवी.

आपल्या हाती असलेले काम

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. तपासावयाच्या विकारांच्या यादीत एडीएचडीचाही समावेश आहे. तालुक्यातील फिरत्या पथकात दोन वैद्यकीय अधिकारी असतात, आणि ते आयुष पदवीधर असतात. म्हणजे खेड्यातील अंगणवाडीत वा जिल्हा परिषदेच्या शाळेत अशा बालकाला प्रथम पाहणारा डॉक्टर पुष्कळदा आपलाच बी.ए.एम.एस. बांधव असतो. त्याने 'मस्तीखोर आहे' असे म्हणून पुढचे मूल बोलवायचे, की नोंद करून जिल्हा शीघ्र निदान व उपचार केंद्राकडे पाठवायचे, यावर त्या बालकाची पुढील वर्षे अवलंबून असतात. शाळेस साहाय्य हवे असल्यास समग्र शिक्षा योजनेतील समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांशी गट साधन केंद्रात संपर्क साधता येतो.

आमचे बालक आता मोठे झाले आहे. करोनाच्या काळात भ्रमणध्वनीच्या पडद्यासमोर तासन् तास बसणे त्याला अशक्यच होते. ती दोन वर्षे त्याच्या बाईंनी आठवड्याला एक वही घरी पाठवून निभावली. तो बरा झाला, असे आम्ही म्हणणार नाही. कंपासपेट्या आजही हरवतात, दुसऱ्याचे बोलणे आजही मधेच तोडतो. पण तो त्याच शाळेत आहे. त्या शाळेत वरचे वर्ग नसल्याने लवकरच नवी शाळा शोधावी लागेल. परवा वडील त्यासाठी आले होते. त्यांनी प्रमाणपत्र मागितले नाही; "डॉक्टर, ते पत्र पुन्हा लिहायला हवे," एवढेच म्हणाले. या वेळी मुलगाही सोबत होता. पत्रातले पहिले वाक्य काय असावे, हे आम्ही त्यालाच विचारले.